वाढ भरघोस, बीजाणू नाहीत: हिंगण्यातल्या एका जैविक केंद्राचे प्रकरण

नागपूरहून हिंगण्याकडे जाताना लागणारे हे एक छोटे जैविक निविष्ठा केंद्र. काटोल, कळमेश्वर, नरखेड भागातल्या संत्रा बागायतदारांनी मिळून ते उभे केले आहे. 200 लिटरची एक टाकी, एक ऑटोक्लेव्ह, एक बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक आणि राबणारी तीन माणसे, एवढाच पसारा. तिथे बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे द्रवरूप कल्चर तयार होते. मूळकूज आणि डिंक्याचा जोर कमी व्हावा म्हणून बागायतदार ते शेणखतात मुरवून झाडाच्या आळ्यात टाकतात. केंद्राच्या विनंतीवरून मी हे प्रकरण पाहिले. त्यांच्या संमतीने आणि नाव न देता ते इथे मांडते आहे, कारण विदर्भात अशी बरीच केंद्रे उभी राहत आहेत आणि हीच अडचण त्यांनाही येऊ शकते.

तक्रार साधी होती. हिवाळ्यात भरलेल्या बाटल्यांचा काउंट, म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी, भरताना उत्तम येत होता. त्याच बाटल्या मे महिन्यात कृषी केंद्राच्या मांडणीवरून परत आणून तपासल्या की प्लेटवर जेमतेम काही वसाहती दिसायच्या. एका बागायतदाराने बाहेरून तपासणी करून घेतली आणि ते कागद घेऊनच तो केंद्रात आला. त्याचा राग रास्त होता. मृग बहाराच्या तोंडावर त्याने भरवशाने पैसे मोजले होते आणि हाती आले होते जवळपास निर्जीव पाणी.

केंद्रातल्या सगळ्यांचा संशय उन्हाळ्यावर होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहूनही जास्त तापते. पण बॅसिलसच्या बाबतीत हे उत्तर पटण्यासारखे नाही. या जिवाणूचे पक्व बीजाणू, धंद्याच्या भाषेत स्पोअर, म्हणजे उपासमारीत तो धारण करतो ते जाड कवचाचे सुप्त रूप, 80 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटे ठेवले तरी टिकतात. फर्डिनांड कोन यांनी 1876 मध्ये याच जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या बीजाणूंचे वर्णन केले, तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. बाटलीत खरोखर बीजाणू असते तर नागपूरच्या उन्हाने त्यांचे फारसे बिघडले नसते. तेव्हा पहिला प्रश्न असा की बाटलीत मुळात भरले काय होते?

केंद्राने प्रत्येक बॅचचा राखीव नमुना फ्रिजमध्ये ठेवला होता, ही त्यांची सवय फार मोलाची ठरली. स्लाइडवर थेंब पसरवून वाळवला, मॅलाकाइट ग्रीन टाकून खालून वाफ दिली, पाण्याखाली धुतला आणि मग सॅफ्रॅनिन दिले. या रंगक्रियेत बीजाणू हिरवा राहतो, कारण वाफेने आत शिरलेला हिरवा रंग त्याच्या जाड कवचातून धुऊन निघत नाही. वाढत्या, साध्या पेशीतला हिरवा रंग निघून जातो आणि तिला सॅफ्रॅनिनची लाली चढते. भिंगाखाली गुलाबी-लाल काड्यांची नुसती दाटी होती. हिरवे ठिपके शोधावे लागत होते, आणि जे सापडत तेही बहुतेक अजून काडीच्या पोटातच होते, सुटे झालेले नव्हते. दुसरी चाचणी त्याहून बोलकी ठरली. नमुन्याचे दोन भाग केले. एक तसाच प्लेटवर टाकला, दुसरा 80 अंशांवर 10 मिनिटे ठेवून मग टाकला. पहिली प्लेट वसाहतींनी भरली, दुसरी जवळजवळ रिकामी राहिली.

म्हणजे लेबलवरचा आकडा खोटा नव्हता. भरताना तितके जिवाणू जिवंत होतेच. फक्त तो आकडा वाढत्या पेशी आणि बीजाणू यांत फरक करत नव्हता. वाढती पेशी बंद बाटलीत, अन्न संपल्यावर, उन्हाळ्यात महिनोन्‌महिने तग धरत नाही, स्वतःच्याच विकरांनी विरघळते.

आता प्रश्न असा की वाण बिघडला की टाकी? वाणाचा संशय मी सहज सोडला नाही. बॅसिलस पिढ्यान्‌पिढ्या मुबलक अन्नात वाढवत राहिलो, तर बीजाणू न करणारे बदललेले जिवाणू हळूहळू वरचढ होतात. उपासमारच आली नाही तर बीजाणू करण्याची क्षमता राखण्याचा काही फायदा उरत नाही. म्हणून त्यांचे मूळ कल्चर बीजाणूंसाठीच्या खास माध्यमात वाढवून पाहिले. माध्यम फार महागडे नाही: लिटरमागे 8 ग्रॅम न्यूट्रिएंट ब्रॉथ, थोडे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, वरून कॅल्शियम, अगदी चिमूटभर मँगनीज आणि त्याहूनही कमी लोह. साखर अजिबात नाही. 37 अंशांवर फ्लास्क हलवत ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या स्लाइडवर हिरवे ठिपके बहुसंख्य होते. वाण ठीक होता.

उरली टाकी. बॅच रजिस्टर उघडले. त्यात नोंदी नेटक्या होत्या, आणि उत्तरही त्यातच होते. माध्यमात गूळ होता. रात्री ओडीची (द्रवाचा गढूळपणा मोजून काढलेला जिवाणूंच्या दाटीचा आकडा) वाढ मंदावू लागली की गुळाचे पाणी पुन्हा सोडले जायचे, कधी दोनदा. सकाळी ओडी सर्वांत वर पोहोचली की हवा बंद करून, टाकी थंड करून माल भरला जायचा. माल उतरवतानाचा सामू (पीएच) नेहमी आम्ल बाजूला असायचा, आणि ती नोंदही होती.

हे वाचताच दोष कुठे आहे ते कळले. पण केंद्रातल्या लोकांना ते पटायला हवे होते, म्हणून जिवाणू हा निर्णय कसा घेतो ते फळ्यावर सविस्तर काढावे लागले. इथेही ते सविस्तर सांगते, कारण या प्रकरणाचा सगळा गाभा त्यातच आहे.

बीजाणू करणे हे जिवाणूसाठी भारी खर्चाचे काम आहे. प्रयोगशाळेतल्या चांगल्या परिस्थितीतही त्याला 7 ते 8 तास लागतात. पेशी मधोमध न विभागता एका टोकाला पडदा घालते. लहान कप्प्यात पुढचा बीजाणू घडतो आणि मोठा कप्पा, म्हणजे मातृपेशी, त्याला गिळून घेते, त्याच्याभोवती थर चढवते आणि शेवटी स्वतः फुटून मरते. घाईने हे पाऊल टाकले आणि तासाभरात पुन्हा अन्न आले, तर शेजारच्या वाढत राहिलेल्या पेशी पुढे निघून जातात. उशीर केला तर काम पुरे करण्याइतकी ताकद अंगात उरत नाही. म्हणून हा निर्णय एखाद्या बटणासारखा चालत नाही. जिवाणू शेवटच्या क्षणापर्यंत खात्री करून घेत राहतो.

निर्णयाच्या केंद्रस्थानी स्पोझिरो-ए नावाचे प्रथिन आहे. ते पेशीत आधीपासूनच असते, पण त्याच्यावर फॉस्फेटचा गट बसला तरच ते कामाला लागते. हा फॉस्फेट त्याला थेट मिळत नाही. किन-ए, किन-बी अशी पाच काइनेज, म्हणजे फॉस्फेट बसवणारी, प्रथिने आहेत. त्यांतली मुख्यतः पहिली दोन फॉस्फेट आधी स्पोझिरो-एफला देतात, तिथून तो स्पोझिरो-बीकडे जातो आणि मग स्पोझिरो-एला मिळतो. हा टप्प्याटप्प्याचा मार्ग जेम्स हॉक यांच्या प्रयोगशाळेने 1991 मध्ये मांडला. इतका लांबचा रस्ता कशासाठी, असा प्रश्न केंद्रातल्या तरुण तंत्रज्ञाने लगेच विचारला. उत्तर असे की रस्त्यावर जितके टप्पे, तितक्या ठिकाणी अडवता येते. रॅप-ए आणि त्याच्या गटातली प्रथिने स्पोझिरो-एफवरचा फॉस्फेट काढून टाकतात. स्पोझिरो-ई तोच उद्योग शेवटच्या टप्प्यावर करते. डीएनएची प्रत नीट तयार होत नसेल तर एसडीए नावाचे छोटे प्रथिन किन-एलाच धरून ठेवते. बीजाणूला आणि मातृपेशीला एकेक पूर्ण गुणसूत्र लागते, तेव्हा अर्धवट प्रतीवर पुढे जाणे म्हणजे आत्मनाश.

रॅप-एला आवरणारीही एक व्यवस्था आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. फर-ए हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा पेशी बाहेर सोडते आणि पुन्हा आत घेते. आत आला की तो रॅप-एला निकामी करतो. दाटी वाढली की हा तुकडा बाहेर साचतो, सगळ्यांच्या आत शिरतो आणि एक अडथळा दूर होतो. दाटी आणि उपासमार दोन्ही असतील तर वाट मोकळी होते. एकटीदुकटी पेशी उपाशी असली तरी तिचा निर्णय वेगळा पडू शकतो.

आता मुद्दा अन्नाचा. पेशीत जीटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू आणि ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही अमिनो आम्ले भरपूर असतात तोवर कोड-वाय नावाचे प्रथिन उपासमारीच्या वेळची जनुके दाबून धरते. जीटीपी घसरला की त्याची पकड सुटते. साखर भरपूर असेल तर वेगळीच अडचण होते. जिवाणू ती घाईने खातो आणि अर्धवट जाळलेली आम्ले, मुख्यतः ॲसिटेट, बाहेर टाकतो. सामू उतरतो. पुढे साखर संपल्यावर तो तीच आम्ले परत आत घेऊन क्रेब्ज चक्रातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा मिळवण्याच्या रासायनिक साखळीतून, जाळतो, आणि सामू पुन्हा वर चढतो. हे चक्र ज्यांच्यात मोडले आहे असे जिवाणू बीजाणूंच्या वाटेवर सुरुवातीलाच अडकतात. साखर हजर असेपर्यंत या चक्राची जनुके दाबलेली राहतात, आणि आम्ल माध्यमात बीजाणूंची सुरुवातीची जनुके चालू करणारा सिग्मा-एच हा घटकही मंद पडतो.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरली. वाढीचा वेग मंदावणे हीच एक खूण आहे. वेगाने विभागणाऱ्या पेशीत किन-ए तयार होते, पण पेशी मोठी होत असल्याने पातळही होत राहते. वेग मंदावला की ते साचू लागते. शिवाय किन-एचे जनुक गुणसूत्राच्या शेवटाकडे आणि स्पोझिरो-एफचे सुरुवातीकडे आहे. प्रत बनत असताना स्पोझिरो-एफच्या दोन प्रती असतात आणि किन-एची एकच. स्पोझिरो-एफ जास्त झाले की ते किन-एलाच दाबते. प्रत पूर्ण झाली की प्रमाण सावरते आणि स्पोझिरो-एवर फॉस्फेटची एक लाट येते. अशी प्रत्येक फेरीत एक लाट, आणि वेग मंदावत जाईल तशी पुढची लाट आधीपेक्षा मोठी. लाट उंबरठा ओलांडेल त्या फेरीत पेशी बाजूला पडदा घालते. स्पोझिरो-एची पातळी अशी हळूहळू चढावी लागते. वाढत्या पेशीत सक्रिय स्पोझिरो-ए एकदम, कृत्रिमपणे भरला तर बीजाणू नीट होत नाहीत, हे फुजिता आणि लॉसिक यांनी 2005 मध्ये दाखवले. थोड्या पातळीवर चालू होणारी जनुके वेगळी आणि चढलेल्या पातळीवर चालू होणारी वेगळी, असा तो क्रम आहे.

पडदा पडल्यानंतर मात्र परतीचा रस्ता बंद होतो. पडदा पडतो तेव्हा लहान कप्प्यात गुणसूत्राचा साधारण 30 टक्के भागच असतो, बाकीचा स्पोथ्री-ई हे प्रथिन आत ओढून घेते. लहान कप्प्यात सिग्मा-एफ आणि मोठ्यात सिग्मा-ई हे जनुके चालू करणारे घटक जागे झाले की पुन्हा अन्न टाकले तरी काम थांबत नाही. पडद्याआधी अन्न टाकले, तर पेशी सगळा बेत सोडून पुन्हा वाढीला लागते.

रजिस्टर आता याच नजरेने वाचू. ओडी मंदावते तोच हा मोलाचा काळ. किन-ए साचू लागते, साखर संपते, आम्ले परत घेण्याची वेळ येते. नेमके तेव्हाच केंद्रात गुळाचे पाणी पडत होते. पेशी मागे फिरत, वेग पुन्हा वाढे, आम्ल पुन्हा साचे. दोनदा गूळ म्हणजे दोनदा मोडलेला निर्णय. आणि सकाळी जेव्हा खरोखर उपासमार सुरू होणार, तेव्हा हवा बंद आणि टाकी थंड. बीजाणूंना लागणारे सात-आठ तास त्यांना कधी मिळालेच नाहीत. यात कोणाचा कामचुकारपणा नव्हता, उलट रात्री उठून गूळ घालण्याचे कष्ट होते.

टाकी सांभाळणारे काका स्वतः कळमेश्वरकडचे संत्रा बागायतदार. त्यांना गूळ बंद करणे मुळीच पटले नाही. "मॅडम, वाढून रायले न ते, मंग त्याईले उपाशी काहून ठेवाचं?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना मृग बहाराची आठवण दिली. उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, आणि मधेच अवकाळी पाऊस झाला की ताण बसत नाही, झाड फुलांऐवजी पालवीवर जाते. टाकीतही तेच होत होते. काका थोडा वेळ रजिस्टरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमीच रोज रातच्याला पाऊस पाडत होतो." त्यानंतर गुळाचा डबा त्यांनीच उचलून आत ठेवला.

बदल फार नव्हते. सुरुवातीचा गूळ कमी केला आणि वरून घालणे बंद केले. माध्यमात मँगनीज आणि कॅल्शियमचे क्षार नेमून दिले. कॅल्शियम विशेष लागते, कारण बीजाणूच्या गाभ्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांचा जोडपदार्थ त्याच्या कोरड्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, आणि त्यानेच पाणी बाहेर राहून गाभा उष्णता सोसतो. ओडी वर पोहोचली की उतरवण्याऐवजी सामूवर लक्ष ठेवायला सांगितले. तो आधी घसरतो, मग सातच्या वर परत चढतो, आणि हा चढ आल्याशिवाय पुढच्या गोष्टींची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यानंतर दर दोन तासांनी स्लाइड, आणि हिरवे ठिपके काडीतून सुटे होऊन तरंगू लागल्यावरच उतरवणे. या सगळ्या काळात हवा चालू ठेवायची.

शेवटची सूचना त्यांना सर्वांत जड गेली, कारण ओडी या टप्प्यात वाढत नाही, उलट मातृपेशी फुटू लागल्या की थोडी उतरते. ओडी उतरताना शांत बसून राहणे हे इतक्या वर्षांच्या सवयीच्या विरुद्ध होते. पण पहिल्या बदललेल्या बॅचची स्लाइड त्यांनी स्वतः पाहिली तेव्हा पुढे काही सांगावे लागले नाही. दाटी हिरव्याची होती, लाल काड्या तुरळक. गरम केलेल्या आणि न केलेल्या नमुन्याच्या प्लेटा शेजारी ठेवल्या तर कोणती कोणती हे चटकन ओळखता येत नव्हते.

सगळ्याच पेशी बीजाणू झाल्या नाहीत, आणि तशी अपेक्षा धरूही नये. एकाच टाकीत, एकाच वाणाच्या पेशींमध्ये काहींचा स्पोझिरो-ए उंबरठा ओलांडतो आणि काहींचा नाही. ही विषमता या जिवाणूची खास ठेवण आहे. जे आधी निर्णयाच्या दिशेने निघतात ते शेजाऱ्यांना मारणारे पदार्थही सोडतात. फुटलेल्या शेजाऱ्यांतून अन्न मिळते आणि स्वतःचा शेवटचा निर्णय थोडा पुढे ढकलता येतो. 2003 मध्ये लॉसिक यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथम दाखवले. टाकीत अन्न संपल्यानंतर काही काळ बीजाणू दिसत नाहीत आणि तरी पेशी फुटलेल्या दिसतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते. त्या वेळी घाबरून पुन्हा गूळ घालू नये, एवढे काकांना मुद्दाम सांगून ठेवले.

एक बॅच मध्येच पुन्हा बिघडली. रात्री वीज गेली, कंप्रेसर बराच वेळ बंद राहिला, सामू आम्ल बाजूलाच अडकला आणि स्लाइड पुन्हा लाल दिसली. इथे गूळ नव्हता. पण आम्ले परत घेऊन जाळायला लागणारा ऑक्सिजनच नव्हता, तेव्हा क्रेब्ज चक्राची वाट अडली आणि परिणाम गुळासारखाच झाला. या वेळी कारण शोधायला मला जावे लागले नाही. तरुण तंत्रज्ञाने सामूचा आलेख पाहून ते फोनवर मला सांगितले, आणि ती बॅच बाटलीत न भरता शेणखतात मिसळून लगेच वापरायला दिली. मला ते फार आवडले. कंप्रेसरसाठी त्यांनी आता वेगळा जनरेटर घेतला आहे.

बाटलीवर केंद्र आता दोन आकडे छापते: एकूण काउंट आणि 80 अंशांनंतर उरलेला काउंट. मूळ कल्चरही ते पूर्वीसारखे प्लेटवरून प्लेटवर चालवत नाहीत. दर हंगामाच्या सुरुवातीला जुन्या बीजाणूंचा साठा 80 अंशांवर 10 मिनिटे ठेवतात आणि त्यातून जे उगवेल त्यापासूनच टाकीचे बियाणे करतात, म्हणजे बीजाणू करण्याची क्षमता हरवलेले जिवाणू तिथेच गळून पडतात.